सड्यावरचा सहा ठिपक्यांचा भुंगेरा: ओळखायचा कसा आणि तो राहतो कुठे

कोकणात मोठा काळा भुंगा दिसला की आधी पाय पुढे येतो. त्यामागे कारणही आहे. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळी सुई पोखरणारा गेंड्या भुंगा काळाच असतो आणि चांगला चार-पाच सेंटिमीटर भरतो. ज्याच्या परड्यात चार माड आहेत त्याला हा शत्रू ओळखावाच लागतो. पण त्याच्या पापापायी दुसराच एक प्राणी मरतो. तो माडावर चढत नाही, पान खात नाही, आंब्याच्या मोहोराकडे किंवा भाताच्या रोपाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो जमिनीवर धावत इतर किडे मारून खातो. काळ्या अंगावर पांढरे सहा ठिपके असलेला हा भुंगेरा सड्यांवर म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, माळांवर, गडग्याच्या म्हणजे सुट्या चिऱ्यांच्या कुंपणाच्या आसपास पावसाळ्याच्या दिवसांत दिसतो. शास्त्रातलं त्याचं नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी १७७५ साली त्याचं वर्णन पहिल्यांदा छापलं. म्हणजे विज्ञानाला तो अडीचशे वर्षं माहीत आहे, आणि आपल्या गावात मात्र त्याची गणती ‘कसला तरी किडा’ यातच होते.

मला वाटतं, हा भुंगेरा नीट ओळखायचा असेल तर त्याचं अंग आणि त्याची जागा एकत्रच बघावी लागते. त्याला उडता येत नाही. त्यामुळे तो जिथे दिसतो तिथलाच असतो आणि त्याच्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या जमिनीशी जुळलेली असते.

आधी कुळाविषयी. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींची नोंद झाली आहे. त्यातल्या चाळीस हजारांच्या आसपास जाती कॅराबिडी या एकाच कुळात मोडतात. या कुळातले बहुतेक भुंगेरे जमिनीवर राहतात, रात्री फिरतात आणि शिकार करतात. भारतातल्या कॅराबिडींचं मोठं काम एच. ई. अँड्र्यूज यांनी केलं. ब्रिटिश काळातल्या प्राणीसूचीत त्यांचे या कुळावरचे दोन खंड १९२९ आणि १९३५ मध्ये निघाले, आणि आजही अभ्यासकाला त्यांच्याकडे वळावं लागतं.

समोरचा भुंगेरा या कुळातला आहे की नाही, हे ठरवायला दोन-चार खुणा पुरतात. डोकं पुढे रोखलेलं असतं, शेणकिड्यासारखं खाली दुमडलेलं नसतं. जबडे पुढून स्पष्ट दिसतात. मिशा दोऱ्यासारख्या, शेवटापर्यंत साधारण एकाच जाडीच्या, अकरा पेरांच्या. पाय लांब आणि सडपातळ, पळण्यासाठी घडलेले. प्रत्येक पावलाला पाच पेरं, तीही सहाही पायांना. पाठीवरच्या कठीण पंखांवर बहुधा उभ्या रेघा किंवा खाचा असतात. मेलेला भुंगेरा हाती लागला तर तो उलटा करून भिंगातून पाहावा. मागच्या पायांची मुळं पोटावर इतकी मागे सरकलेली असतात की पोटाचा पहिला खंड त्यांनी मधोमध तोडलेला दिसतो. शिवाय त्या मुळाशी, मांडीच्या सुरुवातीला, एक लांबट फुगीर तुकडा चिकटलेला असतो. या दोन खुणा पटल्या की कुळाबद्दल शंका उरत नाही.

आता आपला सहा ठिपकेवाला. लांबी साधारण चार सेंटिमीटर, कधी थोडी जास्त. भारतातल्या जमिनीवरच्या भुंगेऱ्यांत हा थोरामोठ्यांतला. रंग काळा, पण गेंड्या भुंग्यासारखा लखलखीत नाही, जरा मंद. शरीराचे तीन भाग वरून सहज वेगळे काढता येतात: पुढे डोकं आणि मजबूत जबडे, मग मानेची ढाल, मग लांबट अंडाकृती पाठ. ढाल पुढे रुंद असते आणि मागे आवळत जाते, म्हणून ढाल आणि पाठ यांच्यामध्ये कंबर असल्याचा भास होतो. ठिपके मोजावेत. दोन ढालीवर, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. चार पाठीवर, प्रत्येक पंखावर दोन. एकूण सहा. पानाला चुना लावता लावता बोट टेकावं तसे ते दिसतात. जवळून पाहिलं तर तो रंग कवचाचा नसतो. तिथे पांढऱ्या बारीक केसांची दाट लव असते. त्यामुळे बरेच दिवस जगलेल्या, दगडाखाली घासून निघालेल्या भुंगेऱ्याचे ठिपके झिजून लहान किंवा अर्धवट दिसू शकतात. पाच ठिपके दिसले म्हणून लगेच दुसरी जात ठरवू नये.

पंखांची गोष्ट ओळखीच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची आहे. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कठीण असतात आणि उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. उडताना कठीण पंख उघडतात आणि पातळ पंख बाहेर येतात. या भुंगेऱ्याचे कठीण पंख पाठीच्या मधल्या रेघेवर एकमेकांना जुळून गेलेले असतात, ते उघडतच नाहीत. म्हणून पडवीतल्या दिव्यावर धडका देत आलेला काळा भुंगा हा नव्हे, हे न पाहताही सांगता येतं. गेंड्या मात्र दिव्यावर येतो. सड्याला लागून घर असेल तर आपला भुंगेरा अंगणात येईल, पण चालत येईल.

चालही लक्षात ठेवण्यासारखी आहे. गेंड्या जमिनीवर अवजड, रेंगाळत चालतो. हा पाय ताठ ठेवून, अंग जमिनीपासून उचलून, झपाझप जातो. मध्येच थांबतो, मिशा हलवतो, दिशा बदलतो आणि पुन्हा निघतो. उजेड मारला की शक्यतो दगडाखाली किंवा झुडपाच्या बुडात शिरतो.

फसगत कुठे होते, तेही सांगायला हवं, कारण ओळख चुकते ती इथेच. सर्वात चकवणारा प्राणी भुंगेरा नाहीच, ते एक झुरळ आहे: थेरिया पेटिव्हेरियाना. दक्षिण भारतातल्या झुडपी रानांत पालापाचोळ्यात आणि मातीत राहणारं हे काळं झुरळ मोठ्या पांढरट ठिपक्यांमुळे पहिल्या नजरेला अगदी आपल्या भुंगेऱ्यासारखं वाटतं, आणि त्याचीही प्रौढ मंडळी पावसाच्या दिवसांतच बाहेर पडतात. मोजा म्हणजे कळेल. झुरळाचे ठिपके सात असतात. त्याचा एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो, म्हणून एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिपके येतात. डावं-उजवं सारखं जुळत नाही. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ रेघ असते आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात. झुरळ गोलसर आणि चपटं, डोकं ढालीखाली लपलेलं, जबडे वरून दिसत नाहीत, कंबर नाही. या झुरळाने भुंगेऱ्याचं सोंग घेतलं असावं असं अभ्यासक मानतात. निरुपद्रवी प्राण्याने धोकादायक प्राण्यासारखं दिसलं की भक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत. या सोंगाचा फायदा का होतो ते पुढे येईलच.

दुसरी फसगत टेनेब्रिओनिडी कुळातल्या काळ्या भुंगेऱ्यांमुळे होते. तेही जमिनीवर, दगडाखाली, कोरड्या जागी असतात आणि त्यांच्यातही अनेकांना उडता येत नाही. पण त्यांची चाल संथ, मिशा जरा मण्यामण्यांच्या, आणि मागच्या पावलांना चारच पेरं. ते सडका पालापाचोळा खातात, त्यामुळे पुढे आलेले दणकट जबडे त्यांना नसतात. वाघभुंगेरेही सड्यावर आणि किनाऱ्याच्या वाळूत भरपूर असतात, तेही शिकारीच. मात्र त्यांचे डोळे डोक्याच्या बाहेर आलेले असतात, ते भर उन्हात फिरतात आणि दोन पावलं जवळ गेलं की भुर्रकन उडतात. आपल्या भुंगेऱ्याच्याच कुळात क्रॅस्पेडोफोरस नावाची ठिपकेवाली प्रजाती आहे. तिचे ठिपके चार असतात, पिवळे-नारिंगी, आणि अंग निम्म्याहून लहान.

आता हा ठिपक्यांचा थाट कशासाठी? रात्रीच्या प्राण्याने लपून राहावं, तर याने अंगावर पांढरे डाग का मिरवावेत? कारण तो धमकी देतो आणि ती पोकळ नसते. पोटाच्या टोकाशी ग्रंथींची एक जोडी असते. तिच्यात तयार होणारा द्राव फॉर्मिक आम्लाने भरलेला असतो. झाडावरच्या तांबड्या मुंग्या हापूस उतरवताना अंगावर फवारतात तेच हे आम्ल, पण इथे त्याचा साठा कितीतरी मोठा. डिवचलं तर भुंगेरा पोटाचं टोक उचलून धोक्याच्या दिशेने वळवतो आणि पिचकारी मारतो. कातडीवर पडलं तर जळजळतं. डोळ्यात गेलं तर फार त्रास होतो. कोंबडी, मुंगूस, कुत्र्याचं पिल्लू, ज्याला एकदा हा प्रसाद मिळाला त्याला काळ्यावर पांढरे ठिपके पुढे लक्षात राहतात. भुंगेऱ्याचाही त्यात फायदा: शत्रू आधीच मागे फिरला तर द्राव खर्च होत नाही.

हे ठिपके किती प्रभावी ठरतात, याचा मला फार आवडणारा दाखला आफ्रिकेतला आहे. कलहारीच्या वाळवंटात अँथिया प्रजातीचे असेच काळे-पांढरे भुंगेरे राहतात. तिथे हेलिओबोलस लुगुब्रिस नावाचा सरडा आहे. त्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि सरड्यासारखी वळवळत धावण्याऐवजी पाठीची कमान करून, पाय ताठ ठेवून, भुंगेऱ्याच्या चालीने चालतात. पिल्लू भुंगेऱ्याच्या आकारापलीकडे वाढलं की रंग बदलून वाळूसारखा होतो आणि चालही इतर सरड्यांसारखी होते. रेमंड ह्यूई आणि एरिक पियांका या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली हे मांडलं. कणा असलेला प्राणी किड्याची नक्कल करतो, हे निसर्गात फार विरळा. त्या भुंगेऱ्याचा आपल्याकडचा भाऊबंद रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फिरतो, हे शाळेतल्या मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नियम सरळ आहे: हातात घेऊ नये आणि तोंड त्याच्याजवळ नेऊ नये. फोटो काढताना मोबाईल पुढे धरावा, डोळे मागे. द्राव डोळ्यात गेलाच तर चोळू नये. लगेच स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, पंधरा-वीस मिनिटं धुवत राहावं आणि डॉक्टरांकडे जावं. हाताला लागला असेल तर साबणाने धुवावा आणि तोवर तो हात चेहऱ्याला लावू नये. तो आपणहून अंगावर येत नाही. त्याला विंचवासारखी नांगी नसते आणि वाटेतून बाजूला झालात की तोही निघून जातो.

आता त्याच्या घराकडे वळू. कोकणाबाहेरही हा भुंगेरा भारताच्या कोरड्या झुडपी भागांत, माळांवर, पानगळीच्या रानात सापडतो. मग वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत कोरड्या जागेचा प्राणी काय करतो, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर सड्यात आहे.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उष्ण हवामानात हजारो-लाखो वर्षं पाऊस खडकातून झिरपत राहिला. त्याने विरघळणारे घटक धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरले. लोखंडाच्या गंजाने त्याला तो तांबडा रंग आला. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, म्हणून त्याचे चिरे पाडता येतात. वरचा थर मात्र कातळच. माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे अजिबात नाही. पाऊस धो धो पडतो, पण पाणी धरून ठेवायला मातीच नसल्यामुळे बरंचसं वाहून जातं किंवा भेगांतून खाली उतरतं. जून ते सप्टेंबर सडा ओला, हिरवा आणि फुलांनी भरलेला. दिवाळी सरता सरता गवत पिवळं पडतं आणि त्यानंतर पावसापर्यंत तिथे जवळजवळ माळरानाची स्थिती असते. मे महिन्यात दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणजे भरपूर पावसाच्या मुलखात सडा हा वर्षाचे सात-आठ महिने कोरडा असलेला तुकडा आहे, आणि भुंगेरा त्या तुकड्याचा रहिवासी आहे. खालच्या खोऱ्यातल्या दाट, ओलसर राईत किंवा पाणी साठलेल्या भातखाचरात त्याला शोधू नये.

जुळून गेलेल्या पंखांचा फायदा इथे कळतो. उडायची सोय गेली, पण पाठीवर एक बंद कवच मिळालं. कीटकांच्या अंगातलं पाणी मुख्यतः श्वासाच्या छिद्रांतून आणि त्वचेतून उडून जातं. पोटावरची छिद्रं जुळलेल्या पंखांखाली झाकली गेली की ते कमी उडतं. कोरड्या प्रदेशातल्या न उडणाऱ्या अनेक भुंगेऱ्यांत ही रचना दिसते. शिवाय दिवसा दगडाखाली आणि संध्याकाळनंतर बाहेर, असा दिनक्रम ठेवला की उरलेली झळही टळते.

सड्यावर त्याला हव्या तीन गोष्टी: लपायला भेग किंवा सुटा दगड, अंडी घालायला थोडी मऊ माती, आणि शिकारीसाठी मोकळी जमीन. दाट उंच गवतात लांब पायांचा उपयोग होत नाही. विरळ गवत, मध्ये उघडा कातळ, कुठे करवंदीची जाळी, अशी जागा त्याला मानवते. जुने गडगे त्याच्या दृष्टीने उत्तम. सिमेंट न घालता रचलेल्या जांभ्याच्या गडग्यात शेकडो फटी असतात, आत गारवा असतो, बुडाशी पालापाचोळा साठतो आणि त्यात वाळवी, रातकिडे, अळ्या, गोमी अशी सगळी वस्ती असते. शिकाऱ्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. सड्याच्या कडेची काजूची बाग, गुरांची वाट, देवळाकडे जाणारी पाखाडी या जागाही बघाव्यात.

बाहेर पडण्याचा हंगाम पावसाबरोबर येतो. मृगाच्या सरी पडल्या, मखमली लाल मृगाचे किडे दिसू लागले, वाळवीला पंख फुटून ती उडाली, की जमिनीवर अचानक खाणं वाढतं. सड्यावरचं जीवन या चार महिन्यांतच भरात असतं: गवत उगवतं, नाकतोडे आणि अळ्या येतात, आणि त्यांच्यामागे शिकारी येतात. भुंगेरा शिकार जबड्यांनी पकडतो. या कुळातले अनेक शिकारी भक्ष्यावर पाचक रस सोडतात, त्याला तोंडाबाहेरच मऊ करतात आणि मग ओढून घेतात. घास चावून गिळण्याची पद्धत इथे नाही. या कुळात अंडी बहुधा मातीत घातली जातात. त्यातून निघणारी अळी लांबट, सहा पायांची, पुढे जबडे असलेली आणि आईबापांसारखीच मांसाहारी असते. ती कात टाकत वाढते, मातीतच कोष होते आणि प्रौढ होऊन बाहेर येते. शेणखताच्या खड्ड्यात सापडणारी, इंग्रजी ‘सी’ आकारात वळलेली पांढरी जाड अळी ही गेंड्याची. ती या भुंगेऱ्याची समजू नये. ती नष्ट केलीच पाहिजे, आणि त्यासाठी उकिरडा वेळच्या वेळी उपसणं हा चांगला उपाय आहे.

सडे सरकारी कागदात बऱ्याचदा पडीक म्हणून नोंदले जातात. कातळशिल्पांमुळे आता लोक सड्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले आहेत. उक्षी, जांभरूण, काशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशी महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. पण त्या शिल्पांभोवतीची जिवंत जमीन अजून कुणाच्या यादीत नाही. आणि न उडणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे फार जड जातं. कोकणातले सडे सलग नाहीत. मध्ये खोरी आहेत, पऱ्ये आहेत, खाड्या आहेत, आणि आता रुंद रस्ते. एका सड्यावरून पाखरू किंवा फुलपाखरू उडून दुसऱ्या सड्यावर जाईल, पण आपला भुंगेरा पायी किती जाणार? एका सड्यावरची त्याची वस्ती संपली तर शेजारच्या सड्यावरून ती पुन्हा भरून यायला फार काळ लागेल, कदाचित ती येणारही नाही.

मी बागायतीच्या विरोधात नाही. कातळाला सुरुंग लावून, खड्डे करून, खालून माती आणून ज्यांनी हापूसची कलमं उभी केली त्यांच्या कष्टांवर कोकणातली कित्येक घरं उभी आहेत. पण पूर्ण सडा यंत्राने सपाट करणं आणि मध्ये मध्ये कातळाचे, करवंदीचे पट्टे राखून बाग लावणं, यात भुंगेऱ्याच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचा फरक आहे. सुट्या चिऱ्यांचा गडगा पाडून तारेचं कुंपण घातलं की त्याचं घर जातं. तणनाशक मारून बागेखालची जमीन कोरी ठेवली की त्याचं भक्ष्य जातं. तुडतुड्यांसाठी मोहोरावर केलेली फवारणी जमिनीवरही ठिबकते आणि तिथल्या शिकारी किड्यांना लागते. म्हणून औषध गरजेपुरतं, सांगितलेल्या मात्रेतच मारावं. उन्हाळ्यात सड्याला वणवा लागला तर उडून जायचा मार्ग याला नाही, भेगेत खोल शिरता आलं तरच तो वाचतो.

याच कुळातली आणखी मंडळी कोकणात वेगवेगळ्या जागा वाटून घेऊन राहतात, त्यांची थोडी ओळख ठेवली तर जागेवरून जात ओळखण्याची सवय लागते. भाताच्या बांधावर, व्हाळाच्या काठी ओलसर दगडाखाली काळा-पिवळा, दीड-दोन सेंटिमीटरचा फेरोप्सोफस दिसू शकतो. त्याला डिवचलं तर ‘फट्’ असा आवाज होतो आणि धुराचा बारीक लोट निघतो. त्याच्या पोटात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेले असतात. ते जाड भिंतीच्या दुसऱ्या कप्प्यात विकरांशी मिसळले की मिश्रण जवळजवळ उकळत्या पाण्याइतकं तापून बाहेर उडतं. आपल्या सहा ठिपकेवाल्याचा द्राव गरम नसतो आणि आवाजही होत नाही. सुरूच्या बनात, पुळणीच्या वरच्या कोरड्या वाळूत आणि रेताड शेतात स्कॅराइटीस सापडतो: काळा कुळकुळीत, कंबर अगदी बारीक, पुढचे पाय खणण्यासाठी दातेरी. त्याला हात लावला तर तो मेल्यासारखा पडून राहतो.

पाहायला जायचं तर संध्याकाळ ते रात्रीचा पहिला प्रहर ही वेळ चांगली, पाऊस थांबून तासभर झालेला असावा. पायात घोट्यापर्यंत बूट आणि हातात चांगली विजेरी हवीच. सड्यावर फुरसं असतं आणि तेही त्याच दगडांखाली, त्याच वेळी बाहेर पडतं. म्हणून दगड हाताने उलटू नये, गडग्याच्या फटीत बोटं घालू नयेत. काठीने दगड उचललाच तर आपल्या विरुद्ध बाजूने उघडावा आणि पाहून झाल्यावर होता तसा ठेवावा. त्याखालचा ओलावा पुन्हा झाकला गेला पाहिजे.

फोटो तीन तरी घ्यावेत. एक बरोबर वरून, ठिपके आणि ढालीचा आकार दिसेल असा. एक बाजूने, पाय आणि चालण्याची ठेवण दिसेल असा. एक समोरून, जबडे आणि मिशा दिसतील असा. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवता आली तर लांबी कळते. फोटोसोबत तारीख, वेळ, गाव आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे पायाखाली काय होतं ते लिहावं: उघडा कातळ, विरळ गवत, गडग्याचं बूड, काजूखालचा पाला. ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’वर अशी नोंद टाकली की इतर जाणकार ती तपासतात, आणि तीच जात कुठल्या सड्यावर आहे याचा नकाशा हळूहळू भरत जातो. न दिसल्याचीही नोंद आपल्या वहीत ठेवावी. दरवर्षी त्याच सड्यावर, त्याच नक्षत्रात फेरी मारली तर चार-पाच पावसाळ्यांत आपल्या गावापुरतं सांगता येईल की तो कुठे टिकून आहे आणि कुठून गेला.